कॅमेऱ्याचा कौल

३ ऑगस्ट, शनिवार. डिचोली

डोकं फिरलंय. सकाळी स्टुडिओ उघडताच दादाने फळ्यावर दोन रकाने आखले. एकात त्याचा कॅमेरा, दुसऱ्यात माझा. माझ्या रकान्यातला पहिला शब्द लिहिला, ‘जड’. मी पुसला. त्याने परत लिहिला. मी परत पुसला. तो पन्नाशी उलटलेला, मी टेकत आलेली. गिऱ्हाईक पासपोर्ट फोटोला येऊन बसलं होतं ते बघतच राहिलं.

चातुर्मास. लग्नं नाहीत. दरवर्षी याच दिवसांत आम्ही यंत्रांची डागडुजी करतो. यंदा डागडुजी नाही, सगळंच बदलायचं आहे. आणि कॅमेरा बदलला की लेन्सा बदलतात, फ्लॅश बदलतात, बॅटऱ्यासुद्धा बदलतात. म्हणजे एकदा ज्या घरात गेलो त्या घरात दहा वर्षं नांदायचं. दोन घरं आम्हाला परवडणार नाहीत.

वहिनीने दोघांना नावं ठेवली आहेत. धाकटा म्हणजे फुलफ्रेम. दादाला हवा तो. चपळ, अंधारात दिसतं, व्हिडिओ उत्तम, मांडवात धावत फोटो काढता येतात. थोरला म्हणजे मिडियम फॉरमॅट, मला हवा तो. सेन्सर मोठा. चित्र भिंतीएवढं केलं तरी गवताचं पातं पातं राहतं. पण संथ. तिकाटण्यावर, म्हणजे ट्रायपॉडवर, ठेवून उजेडाची वाट बघत बसायचं.

थोरल्याने लग्नं निघत नाहीत. थोरला आला की माझी लग्नं सुटली. हे फळ्यावर दोघांनीही लिहिलं नाही.

६ ऑगस्ट, मंगळवार

पणजीच्या गॅलरीच्या बाईंचा फोन. पाळी-सुर्ल्याच्या बंद खाणींची माझी जुनी चित्रं त्यांनी कुठेतरी पाहिली. डिसेंबरात अख्खी भिंत देतात म्हणाल्या. "पण मोठी हवीत. समोर उभं राहिल्यावर खाणीच्या काठावर उभं असल्यासारखं वाटलं पाहिजे."

जुनी चित्रं तेवढी ताणली की फाटतात. नव्याने काढायला हवीत, पावसाळ्यातच, खाणीत पाणी भरलेलं असताना.

दादाला सांगितलं. "बरें मगे! धाकट्यानय निघता लँडस्केप."

निघतं! फोडणीच्या पोह्यांनीही पोट भरतं, म्हणून गणेशचवथीच्या दिवशी पोह्यांवर भागवतो का आपण?

बोलले नाही. बोलायला हवं होतं. आता इथे लिहून काय उपयोग.

९ ऑगस्ट, शुक्रवार

वहिनी आल्बम लावते. दिवसभर कॉम्प्युटरवर नवरे-नवऱ्या सरकवत असते. सावंतवाडीची, मनात आलं ते बोलून मोकळी. आज बोलली. "तू गेलंस तर नवरेकडची खोली कोण काढतलो? तुझो दादा?"

खरं आहे, म्हणून जास्त झोंबलं. गिऱ्हाईक आमच्याकडे येतं ते बाई फोटो काढते म्हणून. नवरीची खोली, चुडा भरणं, हळद, साडी नेसणं, आईचं कोपऱ्यात जाऊन रडणं. तिथे पुरुषाला कोण घेतो? माझं स्वतःचं सोडून अख्ख्या तालुक्याची लग्नं मी आतून पाहिली आहेत. आता त्या खोल्यांचा वास आला तरी शिसारी येते. फुलं, घाम, हेअर स्प्रे.

हे दादाला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, खोली बदल.

११ ऑगस्ट, रविवार

दिवसभर कॅमेऱ्यांची परीक्षणं पाहिली. डोळे गेले. एकजात सगळे बर्फात उभे. दाढी, लोकरीची टोपी, मागे हिमनदी. "उणे वीस अंशातही बॅटरी टिकली!" अरे, आमच्या गावी कोरगावला श्रावणात कपाटातल्या चपलेवर बुरशी येते, लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते, त्याचं बोल की! खाणीतली लाल धूळ लेन्स बदलताना सेन्सरवर बसली तर काय करायचं ते बोल! कोणी बोलत नाही. आम्ही प्रवासच करत नाही, आम्हाला निसर्गच नाही, असा त्यांचा समज असावा.

एक जण म्हणतो, थोरला ‘विचारपूर्वक काम करणाऱ्यांसाठी’. म्हणजे धाकटावाले काय डोकं घरी ठेवून येतात? याचाही राग आला. दादाच्या बाजूने राग येण्याची ही पहिलीच खेप.

१४ ऑगस्ट, बुधवार. म्हापसा

आगुस्तीनच्या दुकानात. बाबांच्या वेळेपासून फिल्मचे रोल त्याच्याकडूनच यायचे. आता केस पिकले, पण कॅमेरा अजून तान्ह्या पोरासारखा दोन्ही हातांनी देतो.

दादाने धाकटा उचलला आणि दुकानातल्या पंख्यावर धडाधड वीस फोटो मारले. पाती गोठली. खूश. मी थोरला उचलला. हाताला वजन कळलं. शटरचा आवाज दाराला कडी घातल्यासारखा, शांत. दादा म्हणाला, "धोंडो आसा धोंडो. लग्नात कोणाच्या माथ्यार पडलो तर?"

आगुस्तीन हसला. मला म्हणाला, "बाय, दोनूय घरा व्हर. आठ दीस वापर. मागीर सांग." दोन्ही कॅमेरे, दोन-दोन लेन्सा. विश्वासावर.

परतताना गाडीत दादा म्हणे, "तो तुका थोरलो गळ्यात बांधूक बघता." सगळ्या जगाचा काहीतरी डाव असतो, एकट्या दादाचाच नसतो.

१८ ऑगस्ट, रविवार. सुर्ला

पहाटे एकटी गेले. राखणदार ओळखीचा. "काठाकडे जाव नाका, माती सुटता," एवढंच बोलून छत्रीखाली परत बसला.

खाणीच्या पायऱ्या लाल, खाली पाणी हिरवं, मधे धुक्याचा एक पट्टा. तिकाटणं रोवलं. आधी थोरला. ढगाआडून उजेड येईपर्यंत थांबले, आला, काढलं. मागे स्क्रीनवर सावलीतली मातीसुद्धा मातीच दिसत होती, नुसता काळा डाग नव्हता. मोठ्याने शिवी दिली, आनंदाने.

मग पाऊस. खरं ते लिहायचं म्हणजे, धाकट्याने पावसात कुरकुर केली नाही. हातात धरून, चालत, शेवाळावरून घसरत काढले तरी स्थिर आले. थोरल्याच्या लेन्सला समोरून वाफ धरली, पुसली की परत धरे. आणि चढ चढताना डावा गुडघा बोलायला लागला. अशी चित्रं काढत फिरायचं तर हे ओझं रोजचं. दादा म्हणतो ते सगळंच खोटं नाही, आणि तो म्हणतो म्हणून मला ते खरं मानवत नाही. माझंच मला कळलंय हे.

२२ ऑगस्ट, गुरुवार

एकाच जागेची दोन चित्रं, दोन्ही कॅमेऱ्यांची, फ्लेक्सवाल्याकडून छापून आणली. कागद चांगला, माप मोठं. स्टुडिओच्या लाद्यांवर पसरली. पासपोर्टवाल्यांना बाहेर बसवलं.

दादा चप्पल काढून वाकला. धाकट्याचं बघितलं, चांगलं म्हणाला. थोरल्याच्या चित्रावर गुडघे टेकले आणि बराच वेळ उठलाच नाही. खाणीच्या तळाला पाण्याकाठी गंजलेला एक टिपर ट्रक आहे. धाकट्याच्या चित्रात तो ठिपका. थोरल्याच्यात त्याचा मोडका आरसा दिसतो, पाठच्या फळीवर रंगवलेलं फूल दिसतं. दादाने फुलावर बोट ठेवलं. "हें तुका थंय उबें रावन दिसलें?"

"नाही. मलाही इथेच दिसलं."

मला वाटलं, जिंकले.

उठला, गुडघे झाडले. "बरें आसा. पूण लग्नाच्या आल्बमाक इतक्याची गरज नाय."

त्याला दिसलं नसतं तर मला राग आला नसता. दिसलं, आणि तरी.

२५ ऑगस्ट, रविवार

झोप नाही. एक गोष्ट लिहून टाकते, कारण कोणाला सांगता येणार नाही.

सेन्सर, रंग, मोठी छपाई, सगळं खरं. पण थोरला मला हवा आहे तो त्याने लग्नं निघत नाहीत म्हणूनच. उद्या धाकट्याने तेवढंच मोठं चित्र निघायला लागलं तरी मी थोरलाच मागेन. ‘मला लग्नं नकोत’ हे वाक्य मला तोंडाने बोलता येत नाही, म्हणून मी एक यंत्र विकत घ्यायला निघाले आहे. म्हणजे दादाला ते यंत्राने सांगावं.

कसला भित्रेपणा हा! कॅमेऱ्याच्या आड लपायची सवय नुसत्या डोळ्याला लागली असेल असं वाटलं होतं.

१ सप्टेंबर, रविवार

आगुस्तीनचे कॅमेरे परत दिले, आठ दिवसांचे अठरा झाले होते. चवथीनंतर सांगते म्हटलं.

दादाचा तोडगा. "वाद नाका. चवथीक गावाक जातलों, थंय देवाक विचारूया. पाकळी सांगतली."

आमच्या घरात जमिनीची वाटणी, वहिनीचं स्थळ, स्टुडिओची जागा, सगळं कोरगावच्या देवळात कौल घेऊन ठरलं आहे. देवाच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या लावायच्या, भटजींनी गाऱ्हाणं घालून प्रश्न मांडायचा, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. पण सेन्सरचा निवाडा देव करणार? हसू आलं. मग वाटलं, ठीक आहे. दोघांनीही मनापासून मानावं असं आमच्यात तेवढंच एक उरलंय.

अट घातली. प्रश्न एकच. थोरला घेऊ का? उजवी आली तर थोरला, डावी आली तर धाकटा. बाकी काही नाही. दादा म्हणाला, "जायत." हात पुढे केला. हात मिळवला.

७ सप्टेंबर, शनिवार. कोरगाव

चवथ. गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधताना दादा शिडीवर, मी खालून सुपारीचे घोस देत होते. दिवसभर कॅमेऱ्याचा शब्द नाही. बरं वाटलं. गोड नेवऱ्या वहिनीच्या हातच्या, भरपूर. संध्याकाळी आरतीला घसा बसला.

९ सप्टेंबर, सोमवार. कोरगाव

जसं झालं तसं लिहिते.

सकाळी देवळात. दादा आमच्या आधी गेला होता, भटजींशी बोलून ठेवलं म्हणाला. पाकळ्या लागल्या. आम्ही रांगेत हात जोडून उभे: दादा, वहिनी, मी. भटजींनी गाऱ्हाणं सुरू केलं, नेहमीच्याच सुरात.

"बा देवा म्हाराजा, आज ही तुजी लेकरां तुज्या पायाकडे इल्ली आसत..."

"व्हय म्हाराजा!"

"तेंचो धंदो एक, घर एक. थंय नवा यंत्र येवचा आसा..."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या घरातल्या चेडवाच्या मनात वायली वाट धरूचो विचार इलो आसा. तो विचार दूर करून, भाव-भैणीत फूट पडा नाय, धंदो एकठंय रवांदे..."

"व्हय म्हाराजा!"

"असा तुज्या मनात आसल्यार उजवो कौल दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

चारही वेळा त्यात माझा आवाज होता. स्पष्ट, मोठा. लहानपणापासून तसाच येतो, भटजींचा सूर वर चढून थांबला की तोंड आपोआप उघडतं. गाऱ्हाण्याचे शब्द कोण ऐकतं? सूर ऐकतात. चौथ्या ‘व्हय’नंतर शब्द डोक्यात शिरले. हा माझा प्रश्न नव्हता. यात थोरला नव्हता, धाकटा नव्हता. मीच होते, आणि दूर करायचा होता तो माझा वेगळ्या वाटेचा विचार.

तोंड उघडणार तोच उजवी पाकळी पडली. लगेच. अशी लगेच कधी पडत नाही.

वहिनीने कपाळाला हात लावला. दादाने मूर्तीसमोर डोकं टेकवलं ते बराच वेळ वर केलं नाही.

१० सप्टेंबर, मंगळवार. कोरगाव

मागीलदारी भांडण. वहिनी आत भांडी वाजवत राहिली, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.

"तू माझा प्रश्न विचारला नाहीस. हात मिळवला होतास."

"वायट मागलंय? फूट पडा नाय म्हणान मागलंय."

"ते तू मागितलंस. तुझ्यासाठी."

"आनी तू व्हय म्हटलंस. चार फावट. माज्यापरस मोट्यान."

फसवलं म्हणावं तर तोंड माझंच. त्याला हे ठाऊक होतं का, की मी ‘व्हय’ म्हणणारच? विचारलं. म्हणाला, "तू कदी नाय म्हटलंस?"

लबाडी करून वर खरं बोलला.

२१ सप्टेंबर, शनिवार. म्हापसा

पितृपक्ष चालू. या दिवसांत आमच्यात नवी सुई घेत नाहीत. म्हणूनच आजच गेले.

आगुस्तीनने थोरल्याचा खोका काढला, मग थबकला. "आतां? तुमगेले लोक ह्या दिसांनी कांय घेनात न्हू?"

"मी घेते."

माझ्या वापरातल्या लेन्सा बदलीत दिल्या. बाकीचं कसं जमवलं ते इथे लिहीत नाही, माझं मी बघेन. लेन्सा काउंटरवर ठेवताना एकीच्या कडेला कुणा नवरीच्या हळदीचा डाग निघाला. नखाने खरवडला, गेला नाही. आगुस्तीन म्हणाला, रावूं दी.

बिल करताना विचारलं, "नांव स्टुडिओचें घालूं?" इतकी वर्षं तेच घालतो. माझं घाल म्हटलं. आडनाव त्याला आठवेना, स्टुडिओच्या नावानेच ओळखतो ना. तेही सांगितलं.

संध्याकाळी थोरला स्टुडिओच्या टेबलावर ठेवला, सगळ्यांसमोर. आणि बोलले. "तुळशीच्या लग्नानंतरची लग्नं मी काढणार नाही. मला नकोत. थोरला नसता तरी नको होती." वहिनीने माऊस सोडला. दादाने पासपोर्ट फोटो कापायचं काम संपवलं, कात्री जागेवर ठेवली, आणि घरी गेला.

२९ सप्टेंबर, रविवार

आठवडाभर बोलणं बंद. निरोप वहिनीमार्फत. "चाय झाली म्हणान सांग तिका." मी टेबलाच्या पलीकडे बसलेली!

पाळीला दोनदा जाऊन आले. काचेवर वाफ धरू नये म्हणून आता कॅमेरा खोक्यासकट आधी तासभर व्हरांड्यात ठेवते, बाहेरची हवा लागू देते. परीक्षणांतलं कोणी हे सांगितलं नव्हतं. चित्रं बरी आली. एक फार चांगलं. दाखवायला कोणी नाही याचा राग आला, आणि ज्याला दाखवावंसं वाटलं त्याचा जास्त आला.

१२ ऑक्टोबर, शनिवार

दसरा. यंत्रांची पूजा. टेबलावर सगळे कॅमेरे, फ्लॅश, बाबांचा एन्लार्जर. थोरला मी मुद्दाम बॅगेत ठेवला होता. दादाने बॅग उघडली, तो काढला, रांगेत मधोमध ठेवला. हळदकुंकू लावलं, काचेला बोट लागणार नाही असं जपून, कडेला. गोंड्याचं फूल वाहिलं.

असं वागला की भांडायची पंचाईत होते. जिलेबी खाल्ली. एक लग्न नोव्हेंबरातलं, नवरी आमच्याच नात्यातली, त्याचं काय करायचं ते वहिनीने हळूच विचारलं. मी आणखी एक जिलेबी घेतली.

१३ ऑक्टोबर, रविवार

दादा आज थेट माझ्याशी बोलला. तीन आठवड्यांनंतर.

म्हणाला, तू कौल मोडलास. मोडला तर देवासमोर उभं राहून चूक पदरात घे म्हणायचं, ही रीत. नाहीतर घराला लागतं. भटजींना फोन केला आहे. उद्या सोमवार, कोरगावला जायचं.

म्हटलं, चूक माझी एकटीची नाही. प्रश्न तू बदललास.

"तेंय सांगतलों," म्हणाला. खाली बघून. "भटजीक तशें सांगलां."

खरंच सांगितलं आहे का? गाऱ्हाण्यात काय येईल, ते भटजी तोंड उघडतील तेव्हाच कळणार. मी म्हटलं, या वेळी माझ्या शब्दांत मी घालते गाऱ्हाणं. म्हणाला, बायलांनी घालूची रीत नाय. वहिनी आतून म्हणाली, "मगे व्हय म्हणूची तरी रीत कित्याक?"

जाणार आहे. देवाशी माझं भांडण नाही. थोरला बरोबर घेणार, परतताना सड्याच्या माळरानावर उजेड बरा मिळेल.

देवळात उभी राहीन, हात जोडीन, आणि एकेक शब्द ऐकेन. पटला तरच ‘व्हय’. नाही पटला तर तोंड मिटून. दादाच्या आणि वहिनीच्या आवाजात एक आवाज कमी पडला, तर भटजी थांबतील, वळून बघतील. बघू देत.

फक्त सूर चढला की माझं तोंड माझं ऐकेल का, हे मला आत्ता सांगता येत नाही.